ओट्यामागची भिंत

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं, की ज्यांनी आजवर स्वतःची कपबशीही कधी विसळली नाही, त्यांनाही मतं फुटतात. एकाला काळा ग्रॅनाइट हवा असतो, दुसऱ्याला खालीवर कपाटं. दीर मोबाइल काढून पुण्याच्या मित्राचं किचन दाखवतात. आणि ओट्यामागच्या टाइल्सचा विषय निघाला, की सगळे एकदम उदार होतात. "त्या तू निवड. रंगातलं तुम्हा बायकांनाच कळतं!"

मैत्रिणींनो, इथेच आपण फसतो. टाइल निवडायची म्हणजे रंग निवडायचा, असं आपल्यालाही वाटतं. मग साडी घ्यायला जावं तसं आपण दुकानात जातो, शंभर नमुने बघतो, त्यातला एक मनात भरतो आणि पेट्या टेम्पोत चढतात. नव्या फ्लॅटमध्ये हे चालून जातं. तिथली भिंत सिमेंटची, सरळ आणि कोरडी असते. पण तुमचं घर जुनं असेल, दगडमातीचं, कौलारू असेल, तर दुकान ही शेवटची पायरी. पहिली पायरी म्हणजे ती भिंत.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही, म्हणून तुम्हांला सांगते.

श्रावणातली रात्र

आमचं घर मेढ्याचं. महाबळेश्वरहून केळघर घाट उतरून साताऱ्याकडे येऊ लागलं, की वेण्णेच्या खोऱ्यात आमचं गाव लागतं. जावळी तालुक्याचं ठिकाण. पावसाळ्यात डोंगरावरचे ढग दारात उतरतात. पापडाचा डबा घट्ट लावला तरी पापड सादळतात आणि शाळेचे गणवेश इस्त्री फिरवूनच वाळवावे लागतात. घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, मधे लाकडी खांब, वर कौलं.

सात वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर नवं केलं. ओट्यामागच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून थेट वरच्या तुळईपर्यंत टाइल्स लावल्या. चकचकीत, मोठ्या, एकाआड एक द्राक्षांचे घड आणि कॉफीचे कप असलेल्या. आमच्या घरात कॉफी कुणी पीत नाही, पण तेव्हा तीच फॅशन होती. खर्चातला मोठा वाटा माझा होता. शाळेच्या अर्धवेळ कामाच्या मानधनातून दोन वर्षं साठवलेला.

पहिला पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात सांध्यांतून पांढरी भुकटी येऊ लागली. ती मी पुसत राहिले. तिसऱ्या वर्षी श्रावणात एका रात्री भांड्यांचा मांड कोसळावा तसा आवाज झाला. दिवा लावून पाहिलं, तर अकरा टाइल्स गॅसवर आणि ओट्यावर पडून चक्काचूर झालेल्या. हेच सकाळी पोळ्या लाटताना झालं असतं तर काय, या विचाराने माझे हातपाय गार पडले. उघड्या पडलेल्या भिंतीला हात लावला, तर ती फडक्यासारखी ओली होती.

सासूबाई उठून आल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "ही भिंत श्रावणात पाझरती, पोरी. चाळीस वर्सं दसऱ्याआधी मीच पोतारली ती. कुठं ओल धरती ते माझ्या हाताला ठावं. पण मला इचारलं कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. यांनी नाही, गवंड्याने नाही, दुकानदाराचा तर प्रश्नच नाही. आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

दगडमातीची भिंत कशी वागते?

जुन्या भिंतीत दगड मातीत बसवलेले असतात आणि वरून माती किंवा चुन्याचा गिलावा असतो. या भिंतीला ओल येते, पण ती तशीच निघूनही जाते. पावसाळ्यात जोत्यातून आणि बाहेरच्या अंगाने पाणी शोषलं जातं, दिवाळीनंतर ऊन आणि वारा लागला की ते चुन्यातून उडून जातं. म्हणून तर दरवर्षी पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या तोंडावर घर सारवण्या-पोतारण्याची रीत होती. पोपडे आलेला भाग खरवडायचा, पांढऱ्या मातीचा नवा हात द्यायचा. ती सणाची सजावट तर होतीच, शिवाय भिंतीची वार्षिक दुरुस्तीही होती.

आता याच भिंतीवर आपण सिमेंटचा जाड गिलावा करतो आणि वर चकाकी असलेली टाइल चिकटवतो. सिमेंट चुन्यापेक्षा पुष्कळ घट्ट. टाइलची चकाकी तर काचेचीच. पाणी बाहेरून आत येणं थांबत नाही, पण आतून बाहेर जाण्याची वाट मात्र बंद होते. ते पाणी मातीतले क्षार बरोबर घेऊन टाइलच्या मागे साठतं. क्षारांचे खडे बनतात, फुगतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. माझ्या टाइल्सच्या सांध्यांतून येणारी पांढरी भुकटी म्हणजे हाच लोणा होता. भिंत मला वर्षभर आधी सांगत होती आणि मी फडक्याने तिचं तोंड पुसत होते!

वजनाचाही विचार करा. पाऊण इंच जाडीचा सिमेंटचा माल चौरस फुटाला साडेतीन ते चार किलो भरतो, त्यावर टाइलचं वजन वेगळं. मातीच्या मऊ पाठीवर एवढं ओझं किती दिवस टिकणार?

आमच्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला, आणि लहानसहान धक्के कोयना परिसरात अजूनही बसतात. अशा धक्क्यांनी दगडमातीच्या भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटू शकतो. वरून काही दिसत नाही, पण मधे पोकळी असते. तुमच्या भिंतीला पोट आलेलं दिसलं, तर टाइल्सचा विचार बाजूला ठेवून आधी जाणत्या इंजिनिअरला दाखवा. आणि जुना गिलावा काढताना ब्रेकर मशीन लावू देऊ नका. छन्नी-हातोडीने, हलक्या हाताने काढायला सांगा.

भिंतीची परीक्षा

ही परीक्षा तुम्ही घरीच करू शकता. साधं जाड प्लॅस्टिक घ्या, फूटभर लांबरुंद. ओट्यामागे भिंतीवर चिकटपट्टीने चारही बाजूंनी घट्ट लावा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले असतील तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो स्वयंपाकाच्या वाफेचा. त्याला खिडकी किंवा पंखा हवा, भिंतीचा दोष नाही.

ही परीक्षा उन्हाळ्यात करून भिंत कोरडी निघाली म्हणून निर्धास्त होऊ नका. श्रावण-भाद्रपदात पुन्हा करा. टाइल्सचं काम एक वर्ष लांबलं तरी हरकत नाही. पावसाळा एकदा बघून घ्या.

आणि प्लॅस्टिक लावण्याच्याही आधी एक करा. घरात सासूबाई, आजेसासूबाई, थोरल्या जाऊबाई, ज्या कुणी त्या भिंतीपाशी वर्षं काढली असतील त्यांना विचारा. ओल आधी कुठे दिसते? खालून चढते की वरून उतरते? कोणत्या महिन्यात? खालून चढणारी ओल जमिनीची. वरून उतरणारी छपराची किंवा पन्हळीची. आणि एकाच जागी बाराही महिने राहणारी ओल बहुधा मोरीच्या नळाची. आमच्याकडे सासूबाईंनी बोट ठेवलं ते मागच्या परसाकडच्या कोपऱ्यावर. जाऊन पाहिलं, तर वर्षानुवर्षं टाकलेल्या मातीने परसाची जमीन जोत्याच्या वर वीतभर चढली होती आणि पागोळ्यांचं सगळं पाणी भिंतीच्या पायाशी मुरत होतं.

ती माती आम्ही काढली. भिंतीपासून उतार दिला, पन्हळ बसवली, बाहेरच्या दगडांच्या दरजा चुन्याने भरून घेतल्या. या कामाला टाइल्सपेक्षा कमी खर्च आला. आतला सिमेंटचा गिलावा काढून भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवली. पाहुण्यांसमोर लाज वाटायची, पण मी मन घट्ट केलं.

टाइल्स किती उंच?

गवंडी ज्याला 'डॅडो' म्हणतात, तो ओट्याच्या वर किती घ्यायचा? दुकानदार साहजिकच म्हणेल, छतापर्यंत. दिसायला छान, पुसायला सोपं. नव्या घरात जरूर घ्या. जुन्या घरात मात्र जिथे तेल उडतं आणि पाणी सांडतं तेवढ्याच जागी टाइल हवी. ओट्यापासून वरच्या फळीपर्यंत साधारण दोन फूट. त्यावरची भिंत चुन्याच्या सफेदीची ठेवा, म्हणजे ओलीला बाहेर पडायला जागा राहील. ऑइलपेंटही नको, तोही ओल कोंडतो आणि फुगे येऊन सुटतो.

हॉलंड हा देश समुद्रसपाटीच्या बरोबरीचा, काही ठिकाणी तर तिच्याही खाली. तिथे कायमची दमट हवा. सतराव्या शतकापासून तिथे डेल्फ्टच्या निळ्यापांढऱ्या टाइल्स प्रसिद्ध आहेत. सामान्य घरांतून त्या कुठे लावत? भिंतीच्या पायथ्याशी एक ओळ, म्हणजे फरशी पुसताना गिलावा भिजू नये, आणि शेगडीच्या मागे. बाकी भिंत चुन्याची. गरज तिथे टाइल, हा हिशेब त्यांनाही कळला होता.

ओल पूर्ण थांबत नसेल तर आणखी एक उपाय आहे, आम्ही तोच केला. टाइल भिंतीला चिकटवायचीच नाही. भिंतीपासून इंचभर पुढे धातूचा सांगाडा उभा करायचा. त्याचं वजन ओट्याने पेलायचं, मातीच्या भिंतीने नाही. त्यावर सिमेंट-फायबरचा बोर्ड मारून बोर्डावर टाइल्स. वरच्या बाजूला आणि दोन्ही टोकांना फट मोकळी ठेवायची, म्हणजे मागे हवा खेळते. फटीला बारीक जाळी मात्र लावायला विसरू नका, नाहीतर झुरळांना आयतं घर मिळेल.

आता दुकान

भिंतीचं एवढं झालं, की मग खुशाल दुकानात जा. आता तुम्हांला काय विचारायचं ते ठाऊक आहे.

आपल्या लहानपणी टाइल म्हटली की सहा इंची, चौकोनी, पांढरी. इराण्याच्या हॉटेलात, दवाखान्यात, मुंबईच्या न्हाणीघरात तीच. १९५८ साली आपल्या देशात सुरू झालेल्या जॉन्सन कंपनीचं नाव तर इतकं रुळलं, की कित्येक घरांत कोणत्याही कंपनीच्या टाइलला 'जॉन्सन'च म्हणत. आज बाजारात येणारा बहुतेक माल गुजरातच्या मोरबीचा. नमुने इतके, की डोकं गरगरतं. पण मुळात प्रकार थोडेच आहेत.

भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलची पाठ सच्छिद्र असते. ती आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिते. म्हणून सिमेंटच्या मालात पक्की धरून बसते, वजनाला हलकी आणि कापायला सोपी. दुसरी व्हिट्रिफाइड. ती इतकी घट्ट भाजलेली, की अर्धा टक्का पाणीही पीत नाही. जमिनीवर ती उत्तम. भिंतीवर मात्र साध्या सिमेंटला ती धरत नाही, तिला वेगळं चिकटद्रव्य लागतं, आणि वजनही जास्त. दुकानात ओळखायचं असेल, तर टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाका. चटकन जिरला तर सिरॅमिक, तसाच राहिला तर व्हिट्रिफाइड. ओट्यामागे साधी सिरॅमिक पुरेशी आहे. महाग ते मजबूत, हा नियम इथे लागत नाही.

सध्या रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल्सचीही पुन्हा हौस आली आहे. तमिळनाडूतल्या आत्तंगुडी गावच्या हाती बनवलेल्या टाइल्स खरोखर देखण्या असतात. माजघराच्या जमिनीला जरूर लावा. पण गॅसच्या मागे नको. त्यांना काचेसारखी चकाकी नसते, त्या तेल आणि हळद पिऊन टाकतात.

आकाराचं असं आहे, की जुनी भिंत कधीच ओळंब्यात नसते. गवंडी ओळंबा लावून तुम्हांला सांगेलच, "वैनी, भिंत खाली एक आणि वर भलतीच आहे." अशा भिंतीवर मोठी टाइल लावली, तर एका टाइलचं टोक दुसरीच्या पुढे येतं. त्या कडेवर काजळी साचते आणि फडकं अडकतं. जितकी भिंत वाकडी, तितकी टाइल लहान घ्या. आठ बाय बारा इंच ठीक, सहा इंची त्याहून बरी. सांधे वाढतात हे खरं, पण त्याचा उपाय पुढे सांगते.

चकचकीत की मंद? आजकाल मंद, खरबरीत टाइलची फॅशन आहे. दिसते भारदस्त, पण फोडणीचे शिंतोडे तिच्या खरबरीतपणात रुतून बसतात. चकचकीत टाइल ओल्या फडक्याच्या एका हाताने स्वच्छ होते. गॅसच्या मागे चकचकीतच बरी.

रंग शेवटी. जुन्या स्वयंपाकघरात खिडकी लहान, छत काळवंडलेलं. तिथे फिकट रंगाने उजेड वाढतो. गडद रंगावर तेल दिसत नाही म्हणतात, पण पाण्याच्या क्षारांचे पांढरे डाग दुरूनही दिसतात. आणि चित्रांच्या टाइल्स घेताना माझे कॉफीचे कप आठवा. एक फुटली, तर तिची जोडीदारीण पाच वर्षांनी कुठेच मिळत नाही.

फोडणीची परीक्षा

दुकानातल्या दिव्याखाली सगळंच छान दिसतं. पसंत पडलेल्या दोन-तीन टाइल्स नमुना म्हणून घरी आणा. पैसे पडले तरी चालतील. ओट्यामागे टेकवून ठेवा. सकाळी बघा, संध्याकाळी दिवा लावून बघा. मग त्यांच्यासमोर रोजची फोडणी करा. तेल, मोहरी, हळद, तिखट. शिंतोडे मुद्दाम रात्रभर राहू द्या आणि सकाळी नुसत्या ओल्या फडक्याने पुसा. जिच्यावर डाग राहिला ती नापास. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावूनही बघा. मधे फट दिसली, तर टाइल वाकलेली आहे.

सांधे आणि हळद

खरा शत्रू टाइलवर नसतो, सांध्यात असतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याला अभिमानच आहे तिचा. पण पांढऱ्या सिमेंटच्या सांध्यात ती एकदा शिरली, की निघत नाही. घाईघाईने साबण लावला तर डाग उलट लालसर होतो. घाबरू नका, ही जुनीच करामत आहे. हळदीत चुना किंवा खार घातला की ती लाल होते. कुंकू असंच करतात ना! साबण, सोडा आणि सिमेंटसुद्धा चुन्याच्याच स्वभावाचे. कपड्यावरची हळद उन्हात उडते, पण ओट्यामागे ऊन कुठून आणायचं?

म्हणून सांधे पांढरे करूच नका. राखाडी किंवा बिस्किटी रंगाचे घ्या. जमत असेल तर निदान गॅसच्या मागच्या तीन-चार फुटांत इपॉक्सीने भरून घ्या. ते महाग असतं, पण पाणी आणि रंग पीत नाही. मात्र भरल्यावर लगेच पुसावं लागतं, वाळलं की टाइलवरून निघत नाही. तेव्हा सवयीचा माणूसच हवा. टाइलला टाइल भिडवून 'जॉइंट दिसणार नाही' असं कुणी म्हटलं, तर ऐकू नका. दोन मिलिमीटरची फट हवीच. थंडी-उन्हात भिंत हलते, तिला तेवढी सवड लागते.

सांधे घासायला ॲसिड वापरू नका. लिंबू आणि व्हिनेगरही रोज नको. आंबट पदार्थ सिमेंट हळूहळू खातात. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच नाही. त्यातून विषारी वायू निघतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दातांचा ब्रश, एवढं पुष्कळ झालं.

गवंड्याला सांगायच्या गोष्टी

काम होळीनंतर सुरू करा आणि रोहिण्या लागायच्या आत संपवा.

सिमेंटच्या मालात लावायच्या सिरॅमिक टाइल्स आधी बादलीत भिजत घाला. बुडबुडे थांबेपर्यंत. न भिजवता लावल्या तर त्या मालातलं पाणी ओढून घेतात, सिमेंट कच्चं राहतं. तयार चिकटद्रव्य वापरणार असाल तर मात्र भिजवू नका.

टाइलच्या मागे माल पूर्ण पसरलेला हवा. चार कोपऱ्यांना चार गोळे लावून टाइल दाबली, की मधे पोकळी राहते. काम झाल्यावर एकेक टाइल नाण्याने वाजवून बघा. पोकळ वाजली तर त्याच दिवशी बदलून घ्या. पैसे देऊन झाल्यावर तुमचं कोण ऐकतंय?

लाकडी खांबावरून टाइल नेऊ नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. त्यावरची टाइल तडकणारच. खांबाच्या दोन्ही बाजूंना टाइल संपवा आणि खांबाला तेलपाणी करा.

ओटा आणि भिंत मिळतात तो कोपरा सिमेंटने न भरता सिलिकॉनने भरा. ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात, सिमेंटला तिथे चीर पडते आणि पाणी आत जातं.

मिक्सरचा प्लग, गॅसची नळी, पाण्याचा फिल्टर यांच्या जागा आधी ठरवा. तुम्हीच ठरवा. मिक्सर कुठे ठेवायचा हे वायरमनला कसं कळणार?

हिशेब आणि चार जास्त

समजा ओटा साडेसात फूट लांब आणि टाइल्स दोन फूट उंच. म्हणजे पंधरा चौरस फूट. आठ बाय बाराची एक टाइल चौरस फुटाचा दोन-तृतीयांश भाग व्यापते. तेव्हा तेवीस टाइल्स. कापण्यात नि फुटण्यात दहा टक्के जातात, म्हणजे सव्वीस धरा. आणि चार आणखी, घरात ठेवायला. एकूण तीस. सगळ्या पेट्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे ना, हे दुकानातच बघा. त्याच नावाच्या टाइलचा दुसऱ्या भट्टीचा रंग वेगळा निघतो, आणि तो लावल्यावरच डोळ्यांत भरतो.

आमच्या नव्या टाइल्सना आता दोन पावसाळे झाले. साध्या, सायीच्या रंगाच्या, राखाडी सांध्यांच्या. वरच्या भिंतीला चुना. यंदाही श्रावणात सासूबाईंनी वरच्या भिंतीवरून तळहात फिरवून पाहिला. कोपऱ्यात थोडा गारवा लागला म्हणाल्या, पण पाणी नाही. मी शनिवारी सगळ्या टाइल्स नाण्याने वाजवून बघते. मुलं हसतात.

उरलेल्या चार टाइल्स मी कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. एकीच्या पाठीवर न पुसणाऱ्या शाईने बॅच नंबर, काम केल्याचं साल आणि गवंड्याचं नाव लिहिलं आहे. त्याखाली सासूबाईंनी सांगितलं तसं लिहिलं आहे: 'परसाकडचा कोपरा आधी ओल धरतो. माती जोत्याच्या खाली ठेवावी.' पुढे हा ओटा जिच्या हातात जाईल, तिला कुणी सांगायचं विसरलं, तरी वाचता येईल.